बाकावरचं ते टोळकं म्हणजे आम्हीच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमधे एका गृहस्थांचं पत्र होतं. सहकारनगरच्या बाजूला तळजाई टेकडीच्या पायथ्याशी एका बागेत गेटजवळचे दोन बाक सकाळी ७ ते ८ एक टोळकं अडवून बसतं, मोठमोठ्यानं हसतं, चपला काढून पाय वर घेतं, चारचौघात बोटं टोचून रक्त काढतं आणि डायबेटिसच्या गप्पा मारता मारता बिस्किटं आणि आंबे खातं, असं त्यांचं म्हणणं. बागेचं नाव त्यांनी दिलं नव्हतं पण गरज पण नव्हती, अर्ध्या तासात आमच्या ग्रुपवर १७ मेसेज. टोळकं हा शब्द सगळ्यांनाच लागला, कंडक्टरकाकांना जास्तच, ते म्हणाले ३० वर्षं बसमधून टोळकी उतरवली मी आणि आता मलाच. उत्तर लिहायचं माझ्यावर आलं कारण मी शाळेच्या ऑफिसात ३१ वर्षं दुसऱ्यांची पत्रंच टाइप केली. हे पत्र मोबाईलवर टाइप करतेय त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ तुम्हीच बघा.

आधी आम्ही कोण ते सांगते. आम्ही सात जण. सातातल्या सहा जणांना शुगर आहे, सातव्या आमच्या वहिनी, त्यांना काही नाही, त्या नवऱ्याबरोबर येतात आणि आमच्यात त्यांना मानद सदस्य म्हणतात. एकमेकांना हाक मारायला आम्ही नावं फारशी वापरत नाही, आकडे वापरतो. म्हणजे ज्या दिवशी पहिल्यांदा शुगर सापडली त्या दिवशीचा आकडा. मी २६४. रिक्षावाले मामा ४१२. कंडक्टरकाका ३१८. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या काकू २८७. हे कसं सुरू झालं ते आता कुणालाच आठवत नाही, बहुतेक मामांनीच, त्यांना आमची नावं लक्षात राहायची नाहीत पण आकडे राहायचे. आणि सगळ्यांत मोठा आकडा सगळ्यांत लहान पोरीचा आहे, ती ५६०, अकरा वर्षांची असताना थेट आयसीयूत सापडली होती. ती टाइप वन, म्हणजे तिच्या अंगात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही, आमच्यासारखं चाळिशीपन्नाशीत येऊन चिकटलेलं दुखणं नाही ते. सांगोल्याकडची आहे, पर्वती पायथ्याला कॉट बेसिसवर राहते, नवी पेठेत अभ्यासिका लावलीये, एमपीएससी करते.

आता बिस्किटांचं. ते त्यांनी जसं लिहिलं ना की एक धष्टपुष्ट माणूस एका मुलीला ग्लासातून साखरपाणी आणि वर बिस्किटं भरवत होता आणि हे लोक म्हणे डायबेटिसवाले, ते वाचून मला आधी राग आला आणि मग वाटलं की बरोबरच आहे, लांबून ते तसंच दिसलं असणार.

तर त्या दिवशी ती सव्वासातला आली. रोज येताना लांबूनच काय काकू म्हणून ओरडते, त्या दिवशी नाही ओरडली. बसली, बॅगेची चेन उघडली, लावली, परत उघडली, परत लावली. पोळीभाजीवाल्या काकूंनी विचारलं डबा आणलास का गं, तर म्हणाली, "चौदा." काकूंना वाटलं चेष्टा करतेय. मी तिच्या मानेकडे बघितलं, हवेत गारवा होता आणि तिच्या मानेवरून घामाचा थेंब ओघळत होता. एवढ्यात कंडक्टरकाकांनी एक शब्द न बोलता मीटर काढला, तिचं बोट धरलं, टोचलं. ५२. सत्तरच्या खाली गेलं की लो म्हणतात आणि ५२ ला मेंदूला साखर पुरत नाही, माणूस बरळतो, चिडतो, रडतो, काय वाट्टेल ते. मामांच्या रिक्षात ग्लुकोज पावडरीचा डबा कायम असतो, त्यांनी तीन मोठे चमचे पाण्यात ढवळले आणि ग्लास तिच्या तोंडाला धरून ठेवला कारण तिच्या हातात तो ठरत नव्हता. मग पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं फार वाईट असतात, करायला काही नसतं, कंडक्टरकाका घड्याळाकडे असे बघत होते की स्वारगेटहून गाडी सुटायचीये. परत टोचलं, ८१. मग चार बिस्किटं, कारण नुसती साखर चढते तशी उतरते, मागून काहीतरी पोटात जावं लागतं. आणि मग तिला रडू आलं आणि ती आम्हाला सॉरी म्हणायला लागली. काकू म्हणाल्या, "सॉरी काय गं, शुगर आहे ती, तू काय आमच्या ताटात सांडलंस का काही?"

झालं होतं असं की सकाळचं इन्शुलिन तिनं रोजच्यासारखं खोलीवर घेतलं आणि मेसवर नाश्त्याला गेली तर मेस बंद. वाटेत काहीतरी खाऊ म्हणून चालत निघाली. इन्शुलिन पोटात नाश्ता आहे का नाही ते विचारत नाही, ते आपलं काम करत सुटतं.

त्या गृहस्थांना माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी कुणी असं घामाघूम, भलतंच बोलणारं दिसलं तर पत्र लिहायच्या आधी साखर द्या, शुद्धीत असेल तरच द्या हां, शुद्ध गेली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जातं, सरळ १०८ ला फोन. मामांचं एकदा असंच स्वारगेटच्या सिग्नलला झालं होतं, सिग्नल हिरवा झाला तरी हे बसूनच, मागचे हॉर्न मारतायत, दोघातिघांनी येऊन बघितलं आणि म्हणाले सकाळी सकाळी टाकून आलाय. एका कॉलेजच्या पोरीनं ओळखलं म्हणून वाचले, तिच्या वडलांना शुगर होती. तेव्हापासून मामांनी रिक्षात पॅसेंजरला दिसेल असा कागद लावलाय, मला डायबेटिस आहे, इन्शुलिन घेतो, बरळलो तर प्यायलेलो नाही, साखर द्या. त्याखाली लिहिलंय, सुट्टे पैसे द्या.

मामा आणि ती पोरगी यांची ओळख कशी झाली ते पण सांगते कारण ते ऐकण्यासारखं आहे. मामा सकाळी एक फेरी मारून येतात आणि नाश्त्याच्या आधी बाकावरच बसून पोटाला इन्शुलिन घेतात, घरी घेऊन निघाले तर मधे पॅसेंजर लागतो आणि नाश्ता राहतो, मग वर सांगितलं तसं. ती तेव्हा शेजारच्या बाकावर पुस्तक घेऊन बसायची, आमच्यात नव्हती. मामांचा महिना फार वाईट चालला होता, २० युनिट घेत होते तरी शुगर ३०० च्या खाली यायला तयार नाही, डॉक्टरांनी वाढवून २६ केलं तरी नाही, घरी बायको म्हणायची बाहेर चोरून खाताय, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटत होतं, वडापावच्या गाडीवर त्यांना कोण कोण भेटतं आम्हाला माहीत आहे ना. एक दिवस ही पोरगी पुस्तक मिटून उठून आली आणि म्हणाली, काका, तुमच्या सिरिंजचं टोपण केशरी आहे.

मामा म्हणाले असेल, मग?

तर इन्शुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या असतात. लाल टोपणाची ती ४० ची आणि केशरी टोपणाची ती १०० ची. आपल्याकडे साध्या बाटल्या मिळतात त्यातल्या बहुतेक ४० च्या, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, बाटलीवर लिहिलेलं असतं पण ते अक्षर वाचायला डोळे कुणाचे आहेत शाबूत. ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज लावली आणि २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट. २६ पर्यंत भरलं तरी दहाच्या आसपास. मामा महिनाभर मनोभावे निम्म्याहून कमी औषध घेत होते आणि शिव्या वडापावला बसत होत्या. दुकानातून कुणीतरी घाईत वेगळी सिरिंज दिली आणि मामांनी टोपणाचा रंग बघितला नाही, एवढंच. आमच्यापैकी पण कुणी बघितला नाही आणि आम्ही रोज शेजारी बसायचो! मामा लगेच निघाले लाल टोपणाची आणायला, तर ही पोरगी त्यांच्या पुढे उभी राहिली, म्हणाली आता तशीच २६ घेतलीत तर आडवे व्हाल, आधी डॉक्टरांना फोन करा. केला. त्यांनी डोस कमी करून परत पहिल्यापासून बसवून दिला. त्या दिवसापासून ती आमच्या बाकावर. मामा तिला मास्तर म्हणतात.

एकदा तिनंच सांगितलं, इन्शुलिन १९२१ मधे कॅनडात टोरंटोला सापडलं आणि जानेवारी १९२२ मधे तिथल्या लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचलं, त्याच्या आधी तिच्यासारख्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे, तेवढेच काही महिने जास्त मिळायचे. हे सांगताना ती पोटाला इंजेक्शन देत होती आणि आवाज असा की बसचा नंबर सांगतेय. ते शोधणाऱ्या बँटिंगनी आणि बरोबरच्यांनी पेटंट युनिव्हर्सिटीला एकेका डॉलरला देऊन टाकलं म्हणे. मामांनी विचारलं, एका डॉलरला? मग माझ्याकडून महिन्याला एवढे कोण घेतंय? यावर मास्तरकडेही उत्तर नव्हतं. या बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून त्या दिवशी डायबेटिस दिन असतो, आपल्याकडे बालदिन पण तोच, आमच्या ५६० ला दोन्ही लागू.

तिच्या मेसमधल्या मुलींनी सुरुवातीला तिला सिरिंजसकट पकडून ड्रग्ज घेते म्हणून मालकिणीकडे नेलं होतं. मालकीण बरी निघाली, फ्रिजमधे दाराचा एक कप्पा दिला इन्शुलिन ठेवायला. गावाकडे लाइट गेली की तिची आई बाटली मातीच्या छोट्या गाडग्यात ठेवते आणि ते गाडगं ओल्या वाळूत. हे ऐकून कंडक्टरकाकांनी मंडईतून एक गाडगं आणून दिलं तिला, उगाच, पुण्यात कशाला लागतंय. तिनं ते पेनं ठेवायला वापरलंय.

आता पाय. बाकावर पाय वर घेतो हे खरं आहे. आमच्यातले जे बँकवाले काका, वहिनींचे मिस्टर, त्यांना आकडा नाही. म्हणजे आहे पण त्यांनी दोन वर्षं सांगितलाच नाही. ते आमच्याबरोबर चालायचे, बसायचे, आम्ही बोटं टोचली की दुसरीकडे बघायचे आणि म्हणायचे मला तसं काही नाही, बॉर्डरवर आहे. बॉर्डरवर हा शब्द मला ऐकवत नाही आता. घरात मुलाचं लग्न जमवायचं चाललं होतं, वडलांना शुगर आहे म्हटलं की मुलीकडचे विचार करतात असं त्यांच्या डोक्यात, त्यामुळे गोळ्या कपाटात कपड्यांच्या मागे. ते मागच्या वर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडला चालले, दिवेघाट, अनवाणी. तापलेला डांबरी रस्ता. सगळ्यांचे पाय भाजत होते आणि यांचे नाही, ते घरी येऊन कौतुकानं सांगत होते की माउलींची कृपा, मला चटकासुद्धा लागला नाही. चटका लागला होता. पायाची संवेदना गेली होती शुगरनं, त्यामुळे कळला नाही. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली फोड आला, फुटला, आठ दिवस मोज्यात राहिला, वहिनींना वास आला तेव्हा समजलं. ते बोट काढावं लागलं.

हॉस्पिटलमधे आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून होते. कुणी काही बोलेना. मग मामा म्हणाले, काय साहेब, किती होती पहिल्या दिवशी? बराच वेळ गेला. मग भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "उपाशीपोटी एकशे शहाण्णव." मामा म्हणाले, एवढीच? एवढ्यासाठी लपवलीत? माझी ४१२ होती, मी पेढे वाटले असते. वहिनी हसल्या, रडल्या, दोन्ही केलं. मुलाचं लग्न जमलं नंतर, मुलीच्या वडलांना पण शुगर निघाली, ते पण सांगत नव्हते.

तेव्हापासून दर सोमवारी आमच्याकडे पाय बघायचा कार्यक्रम असतो. आपला तळपाय आपल्याला नीट दिसत नाही, या वयात गुडघा तेवढा वळत नाही, म्हणून माझ्या पर्समधे छोटा आरसा असतो आणि शिवाय शेजारचा बघतो. बोटांच्या मधे बघायचं, टाचेची भेग बघायची, चपलेचा पट्टा घासलाय का बघायचं. मामांनी त्या मऊ रबराच्या एमसीआर चपला घेतल्यात, दिसायला अगदी दवाखान्यातल्या, पण घेतल्या. त्या गृहस्थांना जे दिसलं ते हे, सोमवार असणार. बाक पुसून घेत जाऊ यापुढे.

शुगरवाल्या माणसाला मित्र शुगरवालाच लागतो असं माझं मत झालंय, आणि ते घरच्यांवर रागावून नाही. घरच्यांना काळजी असते म्हणूनच ती रागावल्यासारखी बाहेर येते. मी सकाळी टोचून १९२ म्हटलं की आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणतात, काल भात खाल्लास. झालं, बसली चौकशी समिती. सून चांगली आहे पण मुरंब्याची बरणी वरच्या फळीवर गेली ती गेलीच. तोच आकडा बाकावर सांगितला की काकू विचारतात रात्री झोप झाली का, सर्दी-ताप आहे का, भांडण झालं का कुणाशी, कारण झोप झाली नाही तरी चढते, तापानं पण चढते, टेन्शननं तर चढतेच, आणि बऱ्याचदा खरोखर भात पण असतो, मग मी कबूल करते. घरी करत नाही! डॉक्टर देवमाणूस आहेत पण बाहेर चाळीस जण बसलेले असतात, त्यांना माझ्या मुरंब्याला वेळ कुठला.

आणि आम्ही काही एकमेकांना पाठीशी घालत नाही हां. कंडक्टरकाका रिपोर्टच्या आधी दोन दिवस मुगाच्या खिचडीवर राहायचे, फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची शुगर, एकदम छान, मग आम्हाला चहा पाजायचे, बिनसाखरेचा. मग डॉक्टरांनी तीन महिन्यांची टेस्ट काढली, एचबीएवनसी, ९.२. ही टेस्ट फसवता येत नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी जवळपास १२० दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांतली साखर त्यांना चिकटून बसलेली असते, दोन दिवसांच्या खिचडीनं ती धुतली जात नाही. मामा म्हणाले, काका, विनातिकीट सापडलात. वर्षभर ऐकवलं आम्ही त्यांना. आता ७.१ वर आलेत. आणि ग्रुपवर कुणी कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, महिन्यात गोळ्या बंद असलं फॉरवर्ड केलं की दंड आहे, एक स्ट्रिप, ती मीटरला लावायची पट्टी, म्हणजे वीसेक रुपये. कारलं खा की, कुणी नाही म्हटलंय, पण आमच्या काकूंनी असल्याच एका पावडरीच्या नादानं गोळ्या सोडल्या होत्या आणि वीस दिवसांत ३४० वर गेल्या. सगळ्यांत जास्त दंड अजूनही त्यांचाच आहे, त्यांचा भाऊ पाठवतो त्यांना.

काकूंचं अजून एक. त्या ४६ किलोच्या. त्यांना कुणी पटवूनच देऊ शकत नव्हतं की काटकुळ्या माणसाला शुगर होते. मास्तरनी मोबाईलवर एक फोटो दाखवला, आपल्या रास्ता पेठेतल्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखा, २२.३, पण चरबी मोजली तर त्या साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. लॅन्सेट नावाच्या डॉक्टरांच्या मासिकात आला होता २००४ ला. आपण बाहेरून बारीक आणि आतून जाडे. काकूंनी फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, साहेब काय खातो विचारा. पण दुसऱ्या दिवसापासून गोळी वेळेवर.

लग्नाकार्यातलं तर बोलूच नका. "एका जिलबीनं काय होतंय" हे वाक्य बोलणाऱ्यांना एकदा आमच्या बाकावर बसवायला पाहिजे. एका जिलबीनं काही होत नसेलही, पण आग्रह करणारे पंगतीत आठ असतात. आम्ही आता कार्यालयात गेलो की एकमेकांच्या शेजारी बसतो, वाढपी आला की शेजारचा हात आडवा घालतो. नाही म्हणायला दुसऱ्याचा हात बरा पडतो, स्वतःचा ऐन वेळी वळत नाही. उपासाचं पण तेच, चतुर्थीला मी सकाळची गोळी घेतली आणि उपास धरला, दुपारी हातपाय थरथरायला लागले, आणि वर संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन २८०. आता उपासाला काय करायचं ते आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारते. गणपतीला आधी सांगून ठेवलंय.

आंब्यांचं राहिलं. "टोपलीभर आंबे" असं लिहिलंय पत्रात. अहो पत्रवाले साहेब, आंबा एक असतो आणि माणसं सात. मे महिन्यात दर गुरुवारी एक हापूस, काकू घरून धुऊन, सुरी घेऊन येतात, सात फोडी, एकेकाला एक. त्या इतक्या सारख्या कापतात की सराफानं बघावं. राहते कोय, आणि कोयीवरून भांडणं व्हायची म्हणून नंबर लावलेत, माझ्या जुन्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टच्या मागे यादी आहे, कुणी कधी कोय चोखली. त्यातच एकदा फजिती झाली. आंबा खाल्ला आणि मामांनी सहज टोचून बघितलं, ३८६! सगळ्यांचे चेहरे उतरले, एका फोडीला ३८६? मामा तर बसल्या जागी देवाचं नाव घ्यायला लागले. मास्तर शांत, म्हणाली, काका हात धुतलात का? बोटाला आंब्याचा रस होता, मीटरनी आंबा मोजला. हात धुऊन पुसून परत टोचलं तर १४८. ते जे मोठमोठ्यानं हसणं तुम्ही ऐकलंत ते त्या दिवसाचं असणार, आणि त्याबद्दल आम्ही माफी मागणार नाही.

एका गोष्टीची मात्र मागतो. वापरलेल्या स्ट्रिप आणि कापूस बाकाखाली पडलेला असतो हे तुम्ही लिहिलंय ते खरं आहे, आमची चूक आहे. सुया आम्ही टाकत नाही, त्या जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत झाकण लावून जमा करतो, कारण कचरा वेचणाऱ्या ताईंना एकदा घराघरातल्या ओल्या कचऱ्यातून सुई टोचली होती आणि त्यांनी आमच्या सोसायटीत येऊन सगळ्यांना अशी झापली की अजून लक्षात आहे. पण स्ट्रिप आणि कापूस पडत होता. आता बँकवाल्या काकांकडे डबा दिलाय, ते हिशोबाला पक्के, जेवढ्या निघाल्या तेवढ्या मोजून परत घेतात.

बाकांचं म्हणाल तर डावीकडचा आम्ही सोमवारपासून सोडतोय. उजवीकडचा सोडता येणार नाही, तो सावलीत आहे आणि बँकवाल्या काकांना पाय लांब करून बसावं लागतं. देशात १० कोटींच्या वर डायबेटिसवाले आहेत असं आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२३ मधे सांगितलंय, म्हणजे आमचे सहा काही फार नाहीत. सात जण एका बाकावर मावत नाही, मास्तर आणि मामा कट्ट्यावर बसतील.

आणि आता पत्रवाले साहेब, तुमच्याकडे एक काम. बागेतलं टॉयलेट सकाळी नऊपर्यंत कुलपात असतं. शुगर वाढलेल्या माणसाला पाच वाजता उठून, चालून, पाणी पिऊन साडेसातला ते कुलूप बघायला काय वाटतं ते मी पेपरात लिहू शकत नाही. आम्ही दोनदा अर्ज दिले, तोंडी सांगितलं, किल्ली ज्याच्याकडे आहे तो माणूस नऊला येतो असं उत्तर मिळालं, तो माणूस कोण ते दोन वर्षांत कळलं नाही. बायकांचे हाल तर विचारूच नका, पोळीभाजीवाल्या काकू मधेच घरी पळतात त्या त्यासाठी, तुम्हाला वाटलं असेल आंबा आणायला. तुमचं पत्र पाठवल्यावर चौथ्या दिवशी छापून येतं असं दिसतं, आमची येत नाहीत. तर पुढचं पत्र त्या कुलपावर लिहा. मजकूर तुमचा, सह्या आम्ही सात करतो, मी टाइप करून देते.

आपली,
२६४
सहकारनगर, पुणे

ता.क. बँकवाले काका यंदा पालखीबरोबर हडपसरपर्यंत जाणार म्हणतायत. बूट घालून. मामा रिक्षा घेऊन मागे मागे असणार आहेत, काकांना हे अजून सांगितलेलं नाही.